दोघांनी मिळून आयर्लंडच्या आडवाटांवर गाडी चालवायची असेल तर

डब्लिन ते गॉलवे हे सुमारे २१० किलोमीटरचे अंतर महामार्गाने अडीच तासांत सहज कापले जाते. त्याच गॉलवेहून क्लिफडेनला जाऊन, कॉनेमाराच्या डोंगरांतून फेरा मारून संध्याकाळी परत यायचे म्हटले, तर अंतर याहून थोडे कमीच भरते. पण सकाळी नऊला निघालेला माणूस रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत कसाबसा परत येतो. आयर्लंडच्या ग्रामीण भागातील मोटारप्रवासाची आखणी करताना पहिल्याच दिवशी हे गणित समजून घेतले, तर पुढच्या बऱ्याच चुका टळतात. नकाशावर हा देश लहान दिसतो आणि त्यामुळे आठ दिवसांत संपूर्ण किनारा पाहून होईल, असे वाटू लागते. पश्चिम किनाऱ्याने जाणारा ‘वाइल्ड अटलांटिक वे’ हा २०१४ साली आखून दिलेला मार्ग उत्तरेच्या डोनेगॉलपासून दक्षिणेच्या किन्सेलपर्यंत सुमारे २,५०० किलोमीटरचा आहे आणि त्याचा बराचसा भाग वळणावळणाचा व अरुंद आहे. मुक्काम बदलण्याच्या दिवशी फार तर १५० किलोमीटर आणि तेही महामार्ग सोडून, एवढाच हिशेब धरावा, असे माझे मत आहे.

आम्ही दोघे मित्र पहिल्यांदा गेलो तेव्हा केलेल्या यादीतील निम्मी ठिकाणे तिसऱ्या दिवशी रात्री पेन्सिलीने खोडावी लागली. ती आधीच खोडलेली बरी. आठ-नऊ दिवस हाताशी असतील, तर गॉलवे, क्लेअर आणि केरी या सलग तीन काउंट्या, म्हणजे तेथील जिल्हे, पुरेशा होतात. गॉलवेत दोन रात्री राहून कॉनेमारा पाहावे, तेथून दक्षिणेला बरनच्या खडकाळ माळावरून मोहरच्या कड्यांकडे यावे, डूलिन किंवा लहिंच येथे एक-दोन रात्री काढाव्यात आणि मग शॅनन नदी ओलांडून केरीत डिंगल गाठावे. या नदीसाठी लिमरिकपर्यंतचा मोठा वळसा घालण्याचे कारण नाही. किलिमरहून टार्बर्टला मोटारी नेणारी फेरीबोट जाते, ती सुमारे वीस मिनिटांत पलीकडे पोहोचवते आणि चालकालाही तेवढीच विश्रांती मिळते. डोनेगॉल सुंदर आहे. तेथील स्लीव्ह लीगचे कडे तर ६०१ मीटर उंच, म्हणजे २१४ मीटरच्या मोहरच्या जवळजवळ तिप्पट आहेत. परंतु ते केरीला जोडून एकाच सहलीत कोंबू नये.

महिना निवडताना मे, जून किंवा सप्टेंबर यांचा विचार करावा. जूनमध्ये पश्चिमेला रात्री दहा वाजून गेले तरी उजेड असतो, त्यामुळे अनोळखी रस्त्यावर अंधारात गाडी चालवण्याची वेळ येत नाही. डिसेंबरमध्ये मात्र दुपारी सव्वाचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. पाऊस कोणत्याही महिन्यात येतो. तो आपल्याकडच्या आषाढासारखा कोसळत नाही, तर दिवसातून पाच वेळा येऊन जातो, म्हणून छत्रीपेक्षा टोपी असलेले जलरोधक जाकीट उपयोगी पडते.

भारतीय पारपत्रधारकाने व्हिसाची बाब नीट समजून घ्यावी. आयर्लंड युरोपीय संघात असले, तरी शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसावर तेथे प्रवेश मिळत नाही. आयर्लंडचा स्वतंत्र अल्पमुदतीचा व्हिसा काढावा लागतो. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या संयुक्त योजनेखाली काही व्हिसा दोन्ही देशांत चालतात, पण व्हिसावर तशी नोंद असावी लागते आणि ज्या देशाने तो दिला असेल त्या देशात आधी जावे लागते. याचा संबंध प्रत्यक्ष गाडी चालवण्याशीही येतो. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग आहे आणि सीमेवर ना नाका आहे ना शिपाई. रस्त्याच्या कडेची पट्टी बदलते आणि वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलांत दिसू लागतात, एवढाच फरक. अडवणारे कोणी नाही म्हणून परवानगी आहे, असा अर्थ मात्र होत नाही. ब्रिटनचा वैध व्हिसा नसेल तर सीमा ओलांडू नये, आणि असेल तर भाड्याच्या गाडीचा विमा पलीकडे लागू आहे का, हे आधी विचारावे. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावरील जायंट्स कॉजवेचे बेसॉल्टचे खांब यामुळे हुकले, तर फार हळहळू नये. त्याच जातीचे उभे खांब अंधेरीच्या गिल्बर्ट हिलमध्येही आहेत, आणि ते पाहायला आपण किती वेळा गेलो, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

गाडी भाड्याने घेताना महाराष्ट्रातील चालकाला एक मोठी सवलत आपोआप मिळते. तेथेही वाहने डाव्या बाजूने चालतात, सुकाणू उजवीकडे असते आणि गिअर डाव्या हाताने टाकायचा असतो. अमेरिकेतून येणाऱ्या प्रवाशाचा जो पहिला दिवस घाबरण्यात जातो, तो आपला वाचतो. भारतातील मूळ परवान्याबरोबर आरटीओतून मिळणारा, एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ ठेवावा, कारण गाडी देणाऱ्या अनेक कंपन्या तो मागतात. मुख्य चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड आवश्यक असते, कारण अनामत रक्कम त्यावर रोखून धरली जाते. मूळ विम्यात अपघाताचा सुरुवातीचा मोठा खर्च बहुधा आपल्याच माथी असतो आणि टायर, काचा व गाडीचा तळ यांना पुष्कळदा संरक्षणच नसते. आयर्लंडच्या अरुंद रस्त्यांवर नेमके हेच भाग धोक्यात येतात. काउंटरवर उभे राहून, रात्रभराच्या विमानप्रवासानंतर, हे करारपत्र वाचू नये. घरी असताना वाचावे आणि जादा विमा घ्यायचा की नाही, हे तेव्हाच ठरवावे.

गाडी लहानच घ्यावी. मोठ्या गाडीत दोघे ऐसपैस बसतात खरे, पण समोरून ट्रॅक्टर आला की प्रत्येक जादा इंच महागात पडतो. दोन अवाढव्य बॅगांऐवजी दोन मध्यम, मऊ बॅगा न्याव्यात. दुसऱ्या चालकाचे नाव करारात घालण्यासाठी दिवसाला काही रक्कम पडते; दोघांनाही गाडी येत असेल तर ती जरूर भरावी, आणि ज्याचे नाव नाही त्याने ‘पाचच मिनिटे’ म्हणूनही चाक हाती घेऊ नये. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, चाकांच्या कडा आणि पुढची काच यांचे चलत्चित्रण करून ठेवावे.

विमानातून उतरल्यावर त्याच दिवशी लांबचा पल्ला मारू नये. मुंबईहून निघून मध्येच विमान बदलून पोहोचलेल्या माणसाची झोप झालेली नसते. पहिली रात्र डब्लिनमध्ये काढावी आणि गाडी दुसऱ्या दिवशी घ्यावी. शहरात गाडीचा उपयोग नाही आणि वाहनतळाचे दर जबर आहेत.

आता दोघांमधील कामांच्या वाटणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रवासात भांडण होते ते नेहमी इथेच. चालकाच्या शेजारी बसलेला माणूस प्रवासी नसून वाटाड्या असतो, हे सुरुवातीलाच मान्य करावे. फोन, नकाशा, पार्किंगचे पैसे, मुक्कामाच्या घराशी बोलणे आणि डाव्या बाजूवर लक्ष ठेवणे ही त्याची कामे. डाव्या बाजूचे मी मुद्दाम सांगतो. समोरून वाहन येताच चालक नकळत डावीकडे सरकतो आणि डावीकडे झुडपांच्या आड दगडी भिंत दडलेली असते. कोकणातल्या वाड्यांमधून ज्याने गाडी नेली आहे, त्याला जांभ्याच्या गडग्यांमधून आरसा वाचवत जाणे म्हणजे काय, ते ठाऊक असते. येथेही तसेच गडगे आहेत, फक्त त्यांच्यावर हिरवाई इतकी माजलेली असते की ती मऊ वाटते. आमच्या गाडीचा डावा आरसा दुसऱ्याच दिवशी अशा एका ‘मऊ’ झुडपाला घासला, आणि त्या वेळी सुकाणू माझ्याच हाती होते. त्यानंतर आम्ही एक नियम केला. डावीकडे वीतभरच जागा उरली की वाटाड्याने शांतपणे ‘उजवीकडे घे’ एवढेच म्हणायचे. ‘अरे बघ, बघ, बघ!’ हे वाक्य कायमचे बंद. त्यामुळे नेमके काय बघायचे, ते कळत नाही आणि पाय मात्र ब्रेकवर जातो.

चालक दर दोन तासांनी बदलावा. वळणांच्या रस्त्यावर चालवणाऱ्याला निसर्ग दिसतच नाही, ही गोष्ट शेजारच्याच्या लक्षात येत नाही. अदलाबदल ही थकव्याइतकीच न्यायाची बाब आहे. पैशांबाबत ‘तूतूमीमी’ टाळण्यासाठी इंधन, पार्किंग आणि मुक्काम यांचा सामायिक हिशेब ठेवावा, आणि खाण्यापिण्याचे टीटीएमएम करावे.

रस्त्यांची नावे अक्षरांवरून ओळखता येतात. ‘एम’ म्हणजे मोटारवे, तेथे मर्यादा ताशी १२० किलोमीटर. ‘एन’ राष्ट्रीय, ‘आर’ प्रादेशिक आणि ‘एल’ स्थानिक. ग्रामीण भागातील स्थानिक रस्त्यांची सर्वसाधारण मर्यादा फेब्रुवारी २०२५ पासून ८० वरून ६० करण्यात आली आहे. ही मर्यादा म्हणजे गाठायचे लक्ष्य नव्हे. अनेक वाटांवर चाळीसदेखील जास्त होतात. नकाशाचे अॅप मात्र चार मिनिटे वाचवण्यासाठी नेमकी अशीच वाट सुचवते. वाटाड्याने पुढचा रस्ता ‘एल’ आहे का ते पाहावे आणि शक्य तोवर ‘आर’ किंवा ‘एन’ धरून ठेवावा. पत्ता शोधण्यासाठी एयरकोड हा अक्षरे व आकडे मिळून सात चिन्हांचा संकेतांक वापरावा. २०१५ पासून तेथे प्रत्येक घराला वेगळा संकेतांक आहे, त्यामुळे एका नावाची तीन गावे असली तरी चुकामूक होत नाही. खोऱ्यांमध्ये फोनला रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा.

मधोमध गवत उगवलेल्या एकेरी वाटेला तेथे बोरीन म्हणतात. तिच्यावर समोरून वाहन आले, तर ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल त्याने मागे जायचे असते. त्यामुळे जाताना अशा जागा वाटाड्याने लक्षात ठेवाव्यात. समोरच्याने दिवे एकदा चमकवले, तर ‘तू ये’ असा त्याचा अर्थ होतो. आपल्याकडच्या नेमका उलट. हे न समजल्याने आम्ही आणि एक शेतकरी एकमेकांकडे पाहत बराच वेळ उभे होतो. गाडी निघून जाताना स्थानिक चालक सुकाणूवरची फक्त तर्जनी उचलतो. तो नमस्कार आहे, तोही परत करावा. हॉर्न वाजवण्याची पद्धत नाही. रस्त्यात बसलेल्या मेंढ्यांपुढेही हळूहळू सरकत जावे, त्या आपणहून उठतात. मागे दोन-तीन गाड्या साचल्या की जागा पाहून बाजूला थांबावे आणि त्यांना जाऊ द्यावे. छायाचित्रासाठी थांबताना शेताच्या फाटकासमोर गाडी कधीही लावू नये. फाटक वापरात नसल्यासारखे दिसते आणि नेमका तेव्हाच तेथून ट्रॅक्टर बाहेर येतो.

फिरण्याच्या दिशेलाही महत्त्व आहे. १७९ किलोमीटरच्या ‘रिंग ऑफ केरी’वर पर्यटकांच्या मोठ्या बसगाड्या किलार्नीहून निघून घड्याळाच्या उलट दिशेने जातात. त्याच दिशेने गेल्यास बसच्या मागे अडकावे लागते आणि उलट गेल्यास अरुंद वळणावर बस समोर उभी ठाकते. सकाळी आठच्या आत निघून बसच्याच दिशेने पुढे राहणे मला अधिक सुरक्षित वाटते. खरे सांगायचे तर दिवस एकच असेल, तर हा फेरा सोडून डिंगलच्या पश्चिमेचा स्ली हेडचा छोटा फेरा करावा. तो घड्याळाच्या दिशेने करायचा असतो, म्हणजे समुद्र डाव्या हाताला, आपल्याच बाजूला राहतो. वाटेत १९५३ साली शेवटच्या रहिवाशांना हलवून रिकामे केलेले ब्लास्केट बेट समोर दिसते आणि पुढे चुना-मातीविना रचलेले गॅलरसचे दगडी प्रार्थनागृह लागते. डिंगलहून उत्तरेला जाणारा कॉनर पासचा घाट अवजड वाहनांना बंद आहे. धुके असेल तर लहान गाडीनेही तो टाळावा.

डिंगलच्या पश्चिमेला आणि कॉनेमाराच्या काही भागांत आयरिश भाषेचे प्रदेश आहेत, तेथील पाट्यांवर इंग्रजी नसते. गावाचे आयरिश नाव आधी कागदावर टिपून ठेवावे. इंग्रजी लिपीतले ‘गो मॉल’ वाचून खरेदीचे दुकान शोधू नये. त्याचा अर्थ ‘सावकाश’ असा आहे. स्वच्छतागृहांच्या दारांवरही लक्ष ठेवावे. ‘एफ-आय-आर’ या अक्षरांचा पोलीस तक्रारीशी संबंध नाही, तो पुरुषांसाठीचा शब्द आहे. ‘एम-एन-ए’ हे पुरुष या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे चुकलेले स्पेलिंग वाटले, तरी ते दार स्त्रियांचे आहे.

कॉनेमारात फिरताना बॅलिनाहिंचचा वाडा लागतो, तो नवानगरचे जामसाहेब आणि विख्यात क्रिकेटपटू रणजितसिंहजी यांनी १९२४ साली विकत घेतला होता. मुक्कामाच्या घरी आपण महाराष्ट्रातून आलो असे सांगितले, तर लिओ वराडकर यांचे नाव निघण्याचा संभव असतो. दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झालेल्या वराडकरांच्या वडिलांचे गाव मालवण तालुक्यातील वराड, ही माहिती तेथे बऱ्याच जणांना असते.

इंधन स्वतः भरायचे असते आणि मग आत जाऊन पंपाचा क्रमांक सांगून पैसे द्यायचे असतात. पेट्रोलची नळी हिरवी, डिझेलची काळी. आपली गाडी कशावर चालते, ते झाकणाच्या आत लिहिलेले असते. दोघांनीही वाचल्याशिवाय नळी उचलू नये. लहान गावांतील पंप रात्री बंद होतात, म्हणून टाकी निम्मी झाली की भरून घ्यावी. बेटांवर व खडकाळ किनाऱ्यावर वारा इतका जोरदार असतो की उघडलेले दार बिजागरीपासून उलटे फिरते. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावावी आणि दार उघडताना हाताने घट्ट धरावे. मोहरच्या कड्यांवर सकाळी अकरापूर्वी किंवा चारनंतर जावे, मधल्या वेळात बसगाड्यांची गर्दी असते.

खाण्याच्या वेळा पाळाव्या लागतात. गावातील पब रात्री उशिरापर्यंत उघडा दिसतो, पण त्याचे स्वयंपाकघर बहुधा नऊपूर्वीच बंद होते. दुपारी तीन ते पाचही अनेक ठिकाणी काही शिजत नाही. शाकाहारी मित्र बरोबर असेल, तर मुक्कामाच्या घरी आदल्या दिवशीच कळवावे. न्याहारीच्या ताटातील काळी चकती म्हणजे ब्लॅक पुडिंग, आणि ते डुकराच्या रक्तापासून बनवतात. भाज्यांचे सूपही कधीकधी कोंबडीच्या पाण्यात केलेले असते, म्हणून विचारूनच मागवावे. ते निर्धोक असेल, तर सोड्यावर फुगवलेल्या तपकिरी पावाबरोबर पावसाळी दुपारी त्यासारखे दुसरे काही नाही. घरून चिवडा न्यावा. पेढे, बर्फी आणि तूप नेऊ नये, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे व मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे.

संगीत चाललेल्या पबमध्ये संध्याकाळ काढायची असेल, तर मुक्काम चालत जाण्याच्या अंतरावरच घ्यावा. कायद्याने शंभर मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोलपर्यंत सूट असली, तरी त्या सुटीचा हिशेब करत बसू नये. त्या रात्री जो चालवणार आहे त्याने अजिबात घेऊ नये, आणि दोघांनी घेतली असेल तर सकाळीही सावकाश निघावे. गार्डा म्हणजे पोलीस, आणि संकटात ११२ किंवा ९९९ हा क्रमांक लावावा.

परतीच्या प्रवासात केरीहून थेट विमान गाठण्याचा धाडसी बेत करू नये. किलार्नी ते डब्लिन हे तीनशेहून अधिक किलोमीटरचे अंतर चार तासांचे आहे आणि वाटेत एखादी रस्तेदुरुस्ती लागतेच. आदल्या संध्याकाळी डब्लिनजवळ यावे, विमानतळाबाहेर टाकी भरावी, पावती जपावी आणि गाडी परत देताना पुन्हा चलत्चित्रण करावे. राहिला डब्लिनभोवतीच्या एम-५० या वर्तुळमार्गाचा टोल. तेथे नाका नसतो, कॅमेरा क्रमांक टिपून घेतो आणि पैसे दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत ऑनलाइन किंवा दुकानात भरायचे असतात. तो भाड्यात धरलेला आहे की आपण भरायचा, हे गाडी घेतानाच विचारून वाटाड्याने वहीत लिहून ठेवावे, कारण विमानतळावरून पश्चिमेला निघालेली गाडी पहिल्या अर्ध्या तासातच त्या कॅमेऱ्याखालून जाते.